वॉलआयसाठी कॅनू ट्रिपला निघताना: गळाचं सामान दीड किलोत कसं बसवायचं

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंडरी वॉटर्स कॅनू एरिया वाइल्डरनेस नावाचं सुमारे अकरा लाख एकरांचं जंगल आहे. त्यात हजाराहून जास्त तळी आहेत. आत रस्ता नाही, दुकान नाही, आणि बहुतेक तळ्यांवर मोटरही चालत नाही. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कॅनू, म्हणजे वल्ह्यांची हलकी अरुंद होडी, पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि बाकीचं सामान पाठीला लावून पायवाटेनं चालू लागायचं. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. वॉलआय मासा धरायला गळाचं सामान किती न्यायचं हे तळं ठरवत नाही, ही पायवाट ठरवते.

नकाशावर पोर्टेजची लांबी ‘रॉड’मध्ये लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि ३२० रॉडचा एक मैल. आपल्याकडे पूर्वी जमीन काठीनं मोजायचे, तसंच हे. ८० रॉड वाचताना काहीच वाटत नाही. पण सगळं सामान एका फेरीत नेता आलं नाही, की त्याच वाटेवर तिप्पट चालणं होतं: एकदा ओझं घेऊन, एकदा रिकाम्या हातानं परत, आणि पुन्हा उरलेलं घेऊन.

पहिल्या वर्षी मी तीन कप्प्यांची मोठी पेटी, सात फुटी अखंड दोन काठ्या आणि एक जाळं घेऊन गेलो होतो. दुसऱ्याच पोर्टेजवर एका काठीचं टोक स्प्रूसच्या झाडाच्या फांदीत अडकून मोडलं. पेटी हातात, जाळं काखेत, तोंडावर डास बसले तरी हाकलायला हात मोकळा नाही. पाच दिवसांत त्या पेटीतल्या जेमतेम सहा-सात वस्तू पाण्यात गेल्या. तेव्हापासून एकच नियम पाळतो: पोर्टेजवर हातात लोंबणारं काही असता कामा नये. जे पाठपिशवीत मावत नाही किंवा कॅनूला घट्ट बांधता येत नाही, ते घरी राहतं. हा नियम मनाशी पक्का केलात, की पुढची निवड सोपी होते.

आधी मासा ओळखा

वॉलआय हा पर्चच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्य-मासा आहे. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून तो खायला निघतो तो सूर्य मावळताना, पहाटे, ढगाळ दिवशी किंवा वाऱ्यानं पाणी खवळलेलं असताना. आणि बहुतेक वेळ तळाशी राहतो.

यातून सामानाची अर्धी यादी आपोआप ठरते. तुम्हाला आठ ते वीस फूट खोल तळापर्यंत आमिष अलगद पोचवायचं आहे. लांब फेकायचं नाही, मोठा मासा ओढून काढण्याची ताकद नको, पृष्ठभागावर नाचणारी आमिषं नकोत.

मोसम मेच्या मध्याला उघडतो. नव्या माणसानं पहिली ट्रिप मेअखेर किंवा जूनमध्ये करावी असं मला वाटतं. अंडी घालून झालेले मासे तेव्हा ओढ्यांच्या मुखाशी आणि धबधब्यांच्या खाली, उथळ पाण्यात सापडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते पाण्याखालच्या खडकांवर खोल जातात आणि शोधावे लागतात. जूनमध्ये डास मात्र भरपूर, त्याची तयारी ठेवा.

परवाने आणि नियम

मुक्कामाला जायचं असेल तर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात कोट्यातला परवाना लागतो, आणि तो ठरावीक प्रवेशद्वाराचा, ठरावीक तारखेचा असतो. गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. खाण्यापिण्याचे डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. मासेमारीचा परवाना वेगळा काढावा लागतो. किती मासे ठेवायचे, किती लांबीचे, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

सामानाच्या दृष्टीनं दोन नियम महत्त्वाचे आहेत. मिनेसोटात बर्फ नसलेल्या मोसमात एका माणसाला एकच दोरी टाकता येते, म्हणजे दुसरी काठी नेण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं. दुसरा नियम सीमेपलीकडचा. कॅनडाच्या बाजूला क्वेटिको प्रांतिक उद्यानात गळाला उलटा काटा (टोकामागचा, मासा सुटू न देणारा) चालत नाही आणि जिवंत किंवा कुठलंही नैसर्गिक आमिष चालत नाही. तिकडे जाणार असाल तर खालचं जळवांचं प्रकरण सोडून द्या आणि रबरी आमिषं वाढवा.

काठी, रीळ, दोरी

काठी सहा ते साडेसहा फुटांची, मीडियम-लाइट (मध्यमपेक्षा जरा हलकी), स्पिनिंगची, म्हणजे रीळ खाली लटकणारी घ्या. दोन तुकड्यांची चालेल, चार तुकड्यांची असेल तर पिशवीतच जाते. टोक लवचिक हवं, कारण वॉलआय झटका देत नाही. तो आमिष तोंडात घेऊन नुसता थांबतो. रीळ २००० किंवा २५०० आकाराचं, पुढच्या ड्रॅगचं, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोरानं सुटावी ते ठरवणारा ब्रेक पुढे असलेलं. फार महाग नको, पण घरी दहा वेळा फिरवून खरखर येत नाही ना ते बघा.

दोरीच्या बाबतीत नव्या माणसाला माझा सल्ला साधा आहे: सहा पौंडांचा ताण सोसणारी मोनो, म्हणजे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तीच नायलॉनची दोरी, ताजी भरलेली. गाठ सोपी बसते, गुंता सुटतो. विणलेल्या दोरीत चावा जास्त स्पष्ट कळतो, पण कॅनूत बसून थंड बोटांनी तिचा गुंता सोडवणं अवघड जातं. दोन ट्रिप झाल्यावर तिकडे वळा. दोघं जात असाल तर दोघांत मिळून एक सुटी काठी ठेवा, तीही चार तुकड्यांची.

डबी

सगळी टोकदार वस्तू एका डबीत. आडवा मोबाइल मावेल एवढी, पारदर्शक, झाकण घट्ट लागणारी. दुसरी डबी भरायची इच्छा होईल, तेव्हा पोर्टेज आठवा.

डबीचा अर्धा भाग जिगचा. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेला धातूचा गोळा. तो गळाला तळाशी नेतो आणि गळाचं टोक वर ठेवतो, त्यामुळे दगडात कमी अडकतो. तीन वजनं पुरतात: १/१६ औंस, १/८ औंस आणि १/४ औंस, म्हणजे साधारण पावणेदोन, साडेतीन आणि सात ग्रॅम. सर्वांत जास्त लागते ती १/८ ची, तिच्या आठ घ्या. हलक्या तीन, जड पाच. जड जिग वाऱ्यात आणि वाहत्या पाण्यात लागते. सोळा जिग म्हणजे चैन नाही, कारण इथला तळ खडकाळ आहे आणि दिवसाला दोन-तीन जिग दगडाला द्याव्या लागतात.

रंग पाणी बघून निवडा. दलदलीतून झिरपून आलेल्या पाण्यामुळे इथली बरीच तळी बिनदुधाच्या चहाच्या रंगाची आहेत. त्या पाण्यात नारिंगी, पोपटी-पिवळा आणि सोनेरी रंग उठून दिसतात. स्वच्छ पाण्यासाठी दोन-तीन पांढऱ्या ठेवा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. शिशाच्या जिग आणि शिशाचे गोळे घेऊ नका. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून अन्न दळायला तळाचे खडे गिळतो आणि खड्यांबरोबर तुटून पडलेलं शिसंही गिळतो. तेवढ्या एका गोळ्यानं तो मरतो. रात्री तंबूत पडल्यावर तळ्यावरून येणारी त्याची लांब हाक एकदा ऐकलीत की पुन्हा शिसं विकत घ्यायला हात धजणार नाही. टंगस्टन, कथील किंवा बिस्मथच्या जिग मिळतात. टंगस्टन महाग पडतं, पण ते शिशापेक्षा घन असल्यामुळे त्याच वजनाची जिग लहान होते आणि तळाचा स्पर्श हाताला स्पष्ट कळतो.

उरलेल्या अर्ध्या भागात तीन इंची रबरी शेपट्या डझनभर, सहा किंवा आठ नंबरचे दहा सुटे गळ, दोरीवर चिमटायचे कथलाचे गोळे, दोन सरकते बोये (पाण्यावर तरंगणारे), त्यांचे मणी आणि दोऱ्याच्या गाठी. आणि दोन लाकडी किंवा प्लास्टिकचे नकली मासे: एक नऊ सेंटिमीटरचा तरंगणारा, एक त्याहून आखूड पण खोल जाणारा. मी तरंगणारा रापालाच नेतो. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या मच्छीमारानं तो १९३६ मध्ये हातानं कोरला, आणि तीच घडण अजून चालते. एका मुक्कामावरून दुसऱ्याकडे वल्हवत जाताना हा मासा पंचवीस-तीस मीटर मागे सोडून द्यायचा. वेगळा वेळ न देता रात्रीच्या जेवणाची सोय होते.

नॉर्दर्न पाइक नावाचा दातांचा मासा तुमची दोरी मधूनच कापून नेईल. त्याच्यासाठी तारेचा लीडर, म्हणजे गळाआधी जोडायचा तारेचा तुकडा, नेतात काही जण. मी नेत नाही, कारण तारेनं वॉलआयचे चावे कमी होतात. दोन-तीन जिग पाइकच्या नावानं धरून ठेवल्या की झालं.

जळवा

या भागातलं वॉलआयचं सर्वांत खात्रीचं आमिष म्हणजे जळू. आपल्याला जळू म्हटलं की आंबोलीच्या पावसात पोटरीला चिकटलेली आठवते आणि अंगावर शहारा येतो. ही ती नव्हे. आमिषाच्या दुकानात मिळणारी रिबन जळू माणसाचं रक्त पीत नाही. बोटाला चिकटते, पण सोडवली की सुटते.

चार दिवसांसाठी दोघांना चार-पाच डझन मध्यम आकाराच्या जळवा पुरतात. त्यांना दोनच गोष्टी मारतात: ऊन आणि नळाचं क्लोरिनचं पाणी. फिरकीच्या झाकणाची अर्धा लिटरची प्लास्टिकची बरणी घ्या, झाकणाला सुईनं भोकं पाडा, आणि सकाळ-संध्याकाळ तळ्याचं गार पाणी बदला. पोर्टेजला लागण्याआधी बरणीतलं पाणी किनाऱ्यापासून लांब जमिनीवर ओतून टाका. जळवा नुसत्या ओल्या राहिल्या तरी त्या वेळेपुरत्या तगतात, आणि अर्धा किलो वजन वाचतं. पुढच्या तळ्याला पोचलात की नवं पाणी. कॅनूत बरणी सीटखाली सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

लावायची कशी, ते बघा. जळवेच्या एका टोकाला रुंद चोषक असतो, वाटीसारखा. ती गळाभोवती वेटोळं घालायला लागली तर घाई करू नका, क्षणभर गार पाण्यात बुडवून ताणली जाऊ द्या. मग त्या रुंद टोकातून गळ एकदाच आरपार काढा. दोनदा ओवलीत तर ती गोळा होऊन बसते. एकदाच ओवलेली जळू पाण्यात रिबिनीसारखी लाटा मारत पोहते, आणि मासा त्या हालचालीला येतो.

गांडूळ का नको, हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येकाला पडतो, मलाही पडला होता. परसातलं गांडूळ लावूनच आपण गळ शिकलो. पण हिमयुगातल्या बर्फाखाली गेलेल्या या प्रदेशात मूळचं गांडूळच नाही. इथे दिसणारी सगळी माणसानं बाहेरून आणलेली, आणि ती जंगलाच्या जमिनीवरचा पालापाचोळ्याचा थर खाऊन संपवतात. त्या थरावर वाढणारी रोपं मग उगवत नाहीत. नेलीतच तर उरलेलं एकही गांडूळ जंगलात सोडू नका. उरलेल्या जळवांनाही हेच लागू: पाण्यात नाही, जमिनीवर नाही, परत आणून कचऱ्याच्या डब्यात.

दोन मांडण्या घरीच शिकून जा

पहिली मांडणी जिगची. दोरीला क्लिंच किंवा पालोमार गाठीनं जिग बांधा, जळू ओवा, कॅनूच्या कडेनं सरळ खाली सोडा. दोरी सैल पडली की तळ लागला. मग काठीचं टोक वीतभर उचला आणि दोरी ताणलेली ठेवूनच हळू खाली आणा. चावा बहुतेकदा उतरताना येतो. ठोका बसेलच असं नाही. कधी जिग पोचायच्या आधीच थांबते, कधी उचलताना ओलं फडकं लागल्यासारखं जड लागतं. ते जडपण जाणवलं की मनगटानं उचला. पहिल्या दिवशी दहा चावे चुकतील, अकरावा कळेल.

दुसरी मांडणी सरकत्या बोयाची, मुक्कामाच्या खडकावर बसून संध्याकाळी टाकायला. दोरीवर आधी दोऱ्याची सरकती गाठ, मग मणी, मग बोया, खाली एक कथलाचा गोळा आणि शेवटी सुटा गळ. गाठ बारीक असते, त्यामुळे ती काठीच्या कड्यांतून रिळात जाते आणि सहा फुटी काठीनंही बारा फूट खोल आमिष सोडता येतं. जळू तळापासून फूटभर वर तरंगेल एवढी गाठ सरकवा. स्वयंपाक करता करता एका डोळ्यानं बोयाकडे बघता येतं, म्हणून मला ही मांडणी आवडते.

दोन्ही गाठी घरी डोळे मिटून जमेपर्यंत बांधा. मासे सुरू होतात तेव्हा अंधार पडत असतो.

अवजारं आणि नांगर

लांब चोचीचा पक्कड, बाजूला तार कापायचं पातं असलेला. गळ माशाच्या तोंडातून काढायला तो हवाच, पण तुमच्या बोटात गेलेला गळ कापायलाही तोच. दवाखाना एक-दोन दिवस वल्हवण्याइतका लांब असतो, म्हणून निघण्याआधी सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीनं दाबून टाका. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा सुटत नाही, आणि सोडायचा मासा तर फारच सहज सुटतो.

त्याशिवाय सहा इंची पातं असलेली म्यानातली सुरी, नखं कापायचं साधं नेलकटर, मासे ओवून ठेवायची दोरी. जाळं नको. हात ओला करून मासा मानेमागून धरा, पाठीच्या पंखाचे काटे आधी खाली दाबून. कल्ल्याच्या कडाही धारदार असतात.

नांगर नेऊ नका, जाळीची कांद्याची पिशवी आणि पन्नास फूट बारीक दोर न्या. मुक्कामी पोचल्यावर पिशवीत चार-पाच किलोचे दगड भरले की कॅनू एका जागी धरायला नांगर तयार. निघताना दगड होते तिथे परत ठेवा. याच दोराला फुटाफुटावर खूण केलीत तर खोली मोजायचं यंत्रही लागत नाही.

खायची तयारी

झिपच्या पिशवीत तांदळाचं पीठ, रवा, तिखट, हळद, मीठ घरीच मिसळून न्या. कोकमाचं आगळ छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत, तेल दुसऱ्या बाटलीत, दोन्ही पुन्हा एका पिशवीत. वॉलआयचं मांस पांढरं, घट्ट आणि जवळजवळ बिनकाट्याचं, चवीला मुडदुशीच्या जवळ जाणारं. वल्हं उलटं ठेवून त्याच्या पात्यावर मासा साफ करता येतो, पाट न्यावा लागत नाही. मिनेसोटाच्या पाण्यातल्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो, म्हणून खायला चौदा ते सतरा इंचांचे ठेवा आणि मोठी मादी सोडून द्या. गरोदर बाई किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आरोग्य खात्याची त्याबद्दलची सूचना आधी वाचा. आतडी आणि काटे पाण्यात टाकायचे नाहीत. मुक्काम, वाट आणि पाणी यांपासून दोनशे फूट आत नेऊन पुरायचे. सुरी, तेल आणि पिठाची पिशवी रात्री जेवणाच्या सामानाबरोबर अस्वलापासून सुरक्षित ठेवा, तंबूत नव्हे.

बांधणी

निघण्याच्या आदल्या रात्री सगळं जमिनीवर मांडा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माझं असं भरतं: काठी आणि तिची पिशवी तीनशे ग्रॅम, दोरी भरलेलं रीळ अडीचशे, डबी साडेतीनशे, पक्कड आणि सुरी अडीचशे, नांगराची पिशवी आणि दोर दीडशे. हे तेराशे ग्रॅम झाले. बाकीचं किरकोळ आणि पाणी ओतलेली जळवांची बरणी धरून दीड किलो. तुमचं दोन किलोच्या वर गेलं तर डबी उघडा, जादा वजन नेहमी तिथेच असतं.

डबी, पक्कड आणि रीळ एका कापडी पिशवीत घालून पाठपिशवीत अगदी वर ठेवा, म्हणजे किनाऱ्याला लागताच हाताला येतील. पोर्टेज आलं की आधी गळ काढा, नुसता काठीच्या कड्यात अडकवून ठेवू नका. मागून चालणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर तो येतो. काठी दोन तुकड्यांत सोडवून कॅनूच्या आतल्या कडेला दोन वेलक्रोच्या पट्ट्यांनी बांधा, टोक मागच्या दिशेला. कॅनू डोक्यावर असताना पुढच्या बाजूला फांद्या लागतात, मागे लागत नाहीत.

काही तळ्यांत, गनफ्लिंट आणि सॅगानागा धरून, स्पायनी वॉटरफ्ली नावाचा परका इवलासा जीव शिरला आहे. तो दोरीवर ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा गोळा होतो. असा बोळा दिसला की जागीच पुसून काढा. आणि घरी आल्यावर डबी उघडी, रिळावरची दोरी मोकळी, नांगराची पिशवी उलटी करून सगळं चोवीस तासांहून जास्त कोरडं होऊ द्या. त्याआधी ते दुसऱ्या कुठल्याही पाण्यात घालू नका.